बाळाची झोप आणि घराचं घड्याळ

(मेहकर येथे तरुण आई-वडिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथं बसलेल्या आई-बहिणींनो, आणि विशेषतः मागच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या भावांनो, आजचं बोलणं जास्त करून तुमच्यासाठी आहे. तेव्हा जरा पुढे या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. औषधपाणी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. मी इथं एक बाप म्हणून आणि दिवसभर वेळापत्रकं जुळवण्याचं काम करणारा माणूस म्हणून उभा आहे. बाळ झालेला मित्र भेटला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो: बाळाच्या झोपेचं आणि दुधाचं टाइमटेबल बसवायला चांगलं ॲप कोणतं? इंजिनिअर आहे म्हणून मला विचारतात.

ॲप नोंद ठेवतं. बाळ किती वाजता झोपलं, किती वेळा प्यायलं, लंगोट किती ओले झाले. ही नोंद तीन-चार दिवस ठेवली तर उपयोग होतो. साध्या वहीतही तेवढंच काम होतं. पण बाळ झोपायला आलंय त्याच वेळी टीव्ही मोठ्यानं चालू असेल, किंवा आईला वीस माणसांच्या भाकरी थापायच्या असतील, तर ॲप काय करणार?

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षात बाळाची झोप आणि खाणंपिणं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. दर वेळी घरातल्या मोठ्या माणसांना आपलं घड्याळ थोडं सरकवावं लागतं. आज बहुतेक घरांत हे सरकणं एकटी आई करते, आणि त्यात तिची झोप, तब्येत आणि पुष्कळदा नोकरीही जाते. हे काम वाटून घ्यायचं आहे.

"आपल्यात असं नसतं" असं कोणी म्हणेल, म्हणून आधी आपल्यातलंच सांगतो. प्रेषित मुहम्मद (स.) जमातीची नमाज पढवत असताना बाळाच्या रडण्याचा आवाज आला की नमाज आखूड करत, कारण त्या रडण्यानं आईच्या जिवाची काय घालमेल होते हे ते जाणत होते. हदीसच्या प्रमाण संग्रहांत ही नोंद आहे. अख्ख्या जमातीची नमाज एका बाळासाठी लवकर आटोपते, तर आपलं जेवणाचं ताट अर्धा तास उशिरा आलं म्हणून काय बिघडतं?

दुसरी गोष्ट सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीतली. दूध पाजण्याची दोन वर्षांची मुदत त्यात आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. सुनेला ऐकवण्यापुरतं तर नक्कीच. पण तीच आयत पुढे सांगते की त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे. मुलामुळे आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये. दूध तोडायचं तर दोघांनी राजीखुशीनं, आपसात मशवरा करून ठरवावं. म्हणजे बाळ काय पिणार, कधीपर्यंत पिणार, हा दोघांच्या सल्ल्याचा विषय आहे. आईवर सोडून मोकळं व्हायचं नाही आणि बापानं हुकूमही सोडायचा नाही. आपण आयतीचा पहिला भाग पाठ केला आणि मशवरा विसरलो.

आता थोडा इतिहास. बाळानं मोठ्यांच्या घड्याळाप्रमाणे झोपलंच पाहिजे, असं ठरवलं तर काय होतं हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफू घातलेली बाळगोळी देऊन कामावर जात. आई परत येईपर्यंत बाळ गुंगीत पडून राही. १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकशीत हे नोंदलेलं आहे. त्या बाया निर्दयी नव्हत्या. गिरणीचा भोंगा बाळासाठी थांबत नव्हता. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतीलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे १९६१ चा देशाचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली.

आज अफूची गोळी कोणी देत नाही. पण रडणाऱ्या बाळाला सर्दीचं औषध पाजलं की ते झोपतं, हे बऱ्याच घरांत माहीत असतं. त्या औषधांतल्या काही घटकांनी गुंगी येते. ती झोप नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, अशी सूचना काढली आहे. मेडिकलवाल्याला विचारून बाटली आणायची आणि चमचाभर पाजायची, हे आजपासून बंद करा.

आता महिन्यांप्रमाणे बघू.

पहिले दोन महिने वेळापत्रक नसतं. ते बसवायला जाऊ नका. बाळाच्या शरीराला अजून दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. पोट लहान असतं, म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांत बाळाची झोप दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास असते, पण ती तुकड्यातुकड्यांनी. आपण एवढंच करू शकतो: दिवसा खिडकी उघडी ठेवायची, घरातले नेहमीचे आवाज होऊ द्यायचे, रात्री पाजताना मोठा दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. दोन-तीन महिन्यांत बाळाचं घड्याळ हळूहळू रात्रीकडे वळतं.

जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध. पहिलं पिवळसर चिकाचं दूध काढून टाकायचं नाही; रोगांशी लढण्याचं बळ त्यातच असतं. अजान कानात द्या, दुआ करा, पण मध चाटवू नका. मधात क्वचित असे जंतूबीज असतात की वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मध एक वर्षानंतर. घुट्टीही नको.

आणि पाणी. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. बाळाचे ओठ सुकलेले दिसले की दादी चमचाभर पाणी पाजते, मायेनंच पाजते. पण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजा आणि पाण्याचा तांब्या आईच्या हाताशी ठेवा. तो तांब्या भरून ठेवणं हे बापाचं काम. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. बाळ सुस्त पडलं, पिईना झालं, लघवी कमी झाली किंवा ताप आला, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

तिसरा-चौथा महिना. ही खरी परीक्षा. बहुतेक घरांत याच सुमाराला बाळंतीण माहेराहून सासरी येते. बाळाला घर नवं, आवाज नवे, हात नवे. त्यातच या वयात झोपेची ठेवण बदलते: बाळाची झोप मोठ्यांसारखी हलक्या आणि गाढ टप्प्यांची होऊ लागते आणि दोन टप्प्यांच्या मध्ये ते जागं होतं. आधी चार तास सलग झोपणारं बाळ दर दीड-दोन तासांनी उठायला लागतं. घरात लगेच निकाल लागतो: हिचं दूध पुरत नाही. दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा येतो, नाहीतर पाणी घातलेलं गाईचं दूध बाटलीत येतं. बाळ बाटलीवर गेलं की अंगावर कमी पितं, कमी प्यायलं की दूध खरोखर कमी होतं, आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगितलं नव्हतं का!

इथं वहीचा उपयोग होतो. ओले लंगोट मोजा, अंगणवाडीत वजन करा, माता व बाल संरक्षण कार्डावरची रेघ बघा. रेघ वर जात असेल तर दूध पुरतंय, फक्त झोप बदलतेय. ती काही आठवड्यांत सावरते. दुधाची पावडर आणि बाटल्या यांची दोन वर्षांखालच्या बाळांसाठी जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. असा कायदा करावा लागला, यावरूनच समजा. काही बाळांना डॉक्टर खरोखर वरचं दूध सांगतात. त्या आईला कमी लेखू नका. डॉक्टर सांगतील ते प्रमाण पाळा, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं वापरा. ते उकळून स्वच्छ करता येतं.

या वयात दिवसाची झोप तीन-चार वेळा होते. बाळ साधारण दीड ते दोन तास जागं राहिलं की डोळे चोळतं, कान ओढतं, नजर दुसरीकडे वळवतं. रडायला लागण्याआधी ही खूण ओळखायची. रडलं म्हणजे वेळ टळली. दमलेलं बाळ उलट जास्त वेळ जागतं. म्हणून रात्री दहाला दुकान बंद करून आलेल्या बापानं झोपलेल्या बाळाला खेळायला उठवू नये. खेळायचं असेल तर सकाळी फजरनंतर खेळा. त्या वेळी बाळ ताजं असतं, आणि तेवढा तासभर आईला झोपता येतं.

कसं झोपवायचं, तेही सांगतो. पाठीवर, सपाट आणि जरा घट्ट अंथरुणावर. मऊ उशी नको, डोक्याला गोल आकार यावा म्हणून राईची उशी नको, तोंडाजवळ गोधडी नको. इंग्रजी पुस्तकांत बाळाची वेगळी खोली असते. आपल्याकडे एका खोलीत पाच-सहा जण झोपतात. त्याची लाज वाटायचं कारण नाही. पहिले सहा महिने तरी बाळानं आई-बापाच्याच खोलीत झोपावं, असंच तज्ज्ञ सांगतात. फक्त अंथरूण वेगळं असावं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं तर बाळाला शेजारी घेऊन झोपूच नये. झोळीत घातलं तर कोणीतरी नजर ठेवावी, आणि रात्रीची झोप सपाट जागीच व्हावी. आणखी एक. बाळाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला ताईत असेल तर झोपवताना तो काढून ठेवा. दोरा गळ्याभोवती आवळू शकतो. ज्याची श्रद्धा असेल त्यानं ताईत भिंतीवर टांगावा.

सहावा महिना पूर्ण झाला की वरचं अन्न सुरू. जन्मताना मिळालेला लोहाचा साठा आता संपत आलेला असतो आणि नुसतं दूध पुरत नाही. देशाचा आकडा ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालच्या मुलांपैकी ६३.७ टक्के केवळ आईच्या दुधावर होती. पण ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त ११.३ टक्के. म्हणजे जोवर काम एकट्या आईच्या अंगावर आहे तोवर आपण बऱ्यापैकी निभावतो. ज्या दिवशी बाळाचं जेवण सगळ्या घराची जबाबदारी होते, त्या दिवसापासून घसरतो.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू अर्धी वाटी. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. मुगाची मऊ खिचडी, घट्ट वरणात कुस्करलेला भात, ज्वारीची भाकरी वरणात भिजवून, केळं, उकडलेलं अंडं, वर तेल किंवा तूप. ज्या घरात मांस शिजतं तिथं मसाला घालण्याआधी बाळापुरता खिमा किंवा कलेजीचा तुकडा बाजूला काढा, नीट शिजवा, बारीक करा. त्यातलं लोह अंगाला चांगलं लागतं. नुसती यखनी पाजून भागत नाही. जीवनसत्त्व आणि लोह शिजलेल्या तुकड्यात असतं, ते पाण्यासारखं पातळ नको. मीठ-साखर वर्षभर घालू नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे अजिबात नाहीत, घशात अडकतात. आणि चहात बुडवलेलं बिस्किट बंद. चहानं अन्नातलं लोह अंगाला लागत नाही, आणि बिस्किटानं पोट भरलं की बाळ खिचडी खात नाही.

आता वेळ कशी जुळवायची? या वयात दिवसाच्या झोपा तीनवरून दोनवर येतात. बाळाला घड्याळ कळत नाही, पण क्रम कळतो. झोपून उठलं, थोडं प्यायलं, मग खाल्लं, मग खेळलं, मग पुन्हा झोप. आपल्या घरांत अजान हेच घड्याळ आहे, तिचाच आधार घ्या. सकाळची झोप नाश्त्यानंतर दोन-अडीच तासांनी. जोहरच्या सुमारास जेवण आणि मग दुसरी झोप. असरनंतर झोप शक्यतो नको, नाहीतर रात्र लांबते. मगरीबनंतर जेवण, दूध, आणि इशाच्या आसपास दिवा बारीक. रोज मिनिट जुळणार नाही. क्रम जुळला तरी पुष्कळ झालं. जेवण भरवायची एक वेळ बापाची. दररोजची, ठरलेली.

नवव्या महिन्याच्या सुमाराला बाळ रांगतं, धरून उभं राहतं, आणि आई दिसेनाशी झाली की रडतं. रात्री पुन्हा उठायला लागतं. हाही टप्पा आहे, जातो. याच सुमाराला गोवर-रुबेलाची लस असते. लसीनंतर एक-दोन दिवस झोप आणि खाणं विस्कटलं तर घाबरू नका, दूध जास्त वेळा पाजा. चार ते अकरा महिन्यांत एकूण झोप १२ ते १६ तास असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्ष झाल्यावर, बहुतेक मुलांत बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, दिवसाची झोप एकावर येते. गाईचं दूध मुख्य पेय म्हणून द्यायचं ते वर्षानंतर. आणि आईचं दूध वर्षाला तोडायचं कारण नाही, ते दोन वर्षांपर्यंत चालू द्या.

रमजानबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती वाटत असेल तर रोजा न धरण्याची सवलत आपल्या शरीयतमध्ये आहे, आणि चारही सुन्नी मजहब त्यावर एक आहेत. पुढे भरपाई कशी करायची ते आलिमांना विचारा. पण सवलत कागदावर राहते, कारण शेजारीण काय म्हणेल याचीच भीती जास्त. जिनं रोजा धरला नाही तिनं लपून जेवायची पाळी आपल्या घरात येऊ नये. आणि जी धरते तिनंच साडेतीनला उठून सगळ्यांची सहरी का करायची? रात्री बाळासाठी ती तीनदा उठलेली असते. त्या महिन्यात सहरीचा तवा एखाद्या पुरुषानं सांभाळावा. तरावीहहून परतल्यावर घरात आवाज कमी करावा.

नोकरी करणाऱ्या बहिणींना सव्वीस आठवड्यांची रजा आहे. सोयाबीनची सोंगणी किंवा निंदण करणाऱ्या मजूर बाईला ती नाही. खासगी नोकरीतल्या बापाला तर कायद्यानं एक दिवसही नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. म्हणून आपल्याच गल्लीत सोय करावी लागेल. काढून ठेवलेलं आईचं दूध थंड खोलीत चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत. गल्लीत एका घरी फ्रिज आणि दोन घरी मोकळ्या खाला-फुफी असतील, तर शेतावर किंवा शाळेत जाणाऱ्या आईचं बाळ आईच्याच दुधावर राहू शकतं.

सरकारची यंत्रणाही वापरा. घरच्या भेटींचा कार्यक्रम आहे: आशाताई पहिल्या ४२ दिवसांत येतात, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. त्या आल्या की दारातून "सगळं ठीक आहे" म्हणून परत पाठवू नका. आत बोलवा, आणि बापानंही समोर बसून ऐकावं. सहा महिन्यांपासून अंगणवाडीतून घरपोच आहार मिळतो, तो बाळालाच द्या. महाराष्ट्राच्या माता-बाल आरोग्य आणि पोषण मिशनला २००५ पासून राजमाता जिजाऊंचं नाव आहे. त्या जिजाऊंचं सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. मेहकरच्या बाळांची वजनाची रेघ तरी वर राहिली पाहिजे.

आईबद्दल शेवटचं. दोन-दोन आठवडे जी विनाकारण रडते, बाळाकडे बघवत नाही म्हणते, बाळ झोपलं तरी जिला झोप येत नाही, तिला नजर लागलेली नाही आणि ती नाटकही करत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो. तिला डॉक्टरांकडे न्या. नेताना बाळ तुमच्या कडेवर असू द्या.

आज घरी गेल्यावर नवरा-बायकोनं दहा मिनिटं बसून तीन गोष्टी ठरवा. रात्रीच्या कोणत्या वेळी बाळाला बाप बघेल. दिवसातलं कोणतं जेवण बाप भरवेल. आणि बाळाच्या झोपेच्या वेळी घरातला टीव्ही कोण बंद करेल. दादीलाही त्या बैठकीत घ्या. तिनं तुम्हाला वाढवलंय, तिला माहीत असलेल्या पुष्कळ गोष्टी बरोबरच आहेत.

आता तुमचे प्रश्न विचारा. बहिणींनी आधी विचारा, तोवर त्यांची बाळं भाऊ घेतील.